शेवरकोंडची आठवी आसरा

धरणाच्या भिंतीखाली, नदीच्या कोरड्या पात्रात तो काळा कातळ दिसतो ना, त्याच्यावर शेंदूर फासलेले दगड आहेत. जवळ जाऊन मोजा, आठ भरतील. नदीकाठ असो, डोह असो की विहीर, जिथे जाल तिथे पाण्याच्या या देवता, आसरा, सातच असतात. त्यांचं नावच मुळी साती आसरा. आमच्या शेवरकोंडला मात्र त्या आठ आहेत. बाहेरचा माणूस पहिल्यांदा पाहतो तेव्हा गालातल्या गालात हसतो. त्याला वाटतं, खेडवळ लोक, मोजायला चुकले असतील. चूक मोजण्यातच झाली, हे खरं आहे. पण ती आमची नव्हे.

आणखी एक गोष्ट आहे, ती पाहून तर पाहुण्यांची बोबडीच वळते. उन्हाळ्यात धरणातून नदीला पाणी सोडतात. ज्या वर्षी गेट उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये काही फेरफार झालेला असेल, त्या वर्षी पहिलं पाणी सुटण्याआधी एक माणूस त्या कातळावर येऊन उभा राहतो. शहरातला, चष्मेवाला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अनवाणी, आणि कमरेवर भरलेली घागर. पाठीशी गेट, गेटामागे अख्खं धरण. भोंगा वाजतो, तरी तो पळत नाही. गोट्यांवरून सावकाश, मध्ये दम खात, काठाकडे चालू लागतो. पुलावरचे पाहुणे घसा फोडून त्याला पळायला सांगतात. एकदा एका बाईंनी थेट पोलिसांना फोन लावला होता. त्यांना चहा पाजून खाली बसवावं लागलं आणि ही हकीकत सांगावी लागली. तुम्हीही बसा.

गोष्ट जुनी आहे. म्हणजे धरणाच्या मानाने अलीकडची आणि कॉम्प्युटरच्या मानाने पुराणातली. धरणावर प्रभाकर ओगले नावाचे एक इंजिनिअर होते. चाक फिरवून गेटं उघडायचे दिवस संपले आणि धरणावर पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला कामाला लावायचं कुणी असा प्रश्न पडला. ओगल्यांनी पुस्तक आणून स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं, असं सांगतात. शिकता शिकता लिहिला, त्यामुळे तो प्रोग्राम म्हणजे एक पाहण्यासारखी चीज होती. पाण्याची पातळी फुटाइंचात. गावांच्या नावांना जागा इतकी तोकडी की शेवरकोंडचं शेवटचं अक्षर कायमचं बाहेर राहिलं. सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत होती, त्यामुळे दोन हजार साल उजाडलं तेव्हा प्रोग्रामची अशी समजूत झाली म्हणे, की धरण अजून बांधायचंच आहे. त्यावर कुणीतरी ठिगळ लावलं. मग ठिगळावर ठिगळ. ओगले तोवर वारले होते. पण गेटं उघडत होती आणि मिटत होती, म्हणून कुणी त्या गोधडीला हात लावायच्या भानगडीत पडलं नाही.

गेटाचं बटण दाबायचं काम भागोजी ढेब्यांकडे होतं. त्यांची बायको हौसाबाई पात्रात कलिंगडाचे वाफे करायची. ती एका पायाने अधू होती. लहानपणी झाडावरून पडली आणि हाड वेडंवाकडं जुळलं, ते जन्माचं. त्या कातळाच्या कुशीत एक झरा आहे, तो भर उन्हाळ्यातही आटत नाही. हौसाबाई आधी आसरांपुढे दहीभाताचा घास ठेवी, मग घागर भरून कमरेवर घेई आणि एक पाय ओढत काठाला येई. भागोजी ड्युटीवर नसले की काठावर उभे असत आणि तिच्या कमरेवरची घागर उतरवून घेत. त्यावरून गावात त्यांची थट्टाही व्हायची. तरी ते परत काठावर उभेच.

त्या दिवसांत भोंगा वाजला तरी पात्रात कुणी धावत नसे, असं जुनी माणसं सांगतात. बाया हातातलं धुणं पिळून होईपर्यंत थांबत, बादली भरत, पोर कडेवर घेत आणि मग बोलत बोलत काठाला लागत. भोंगा आणि पाणी यांच्यामध्ये थोडा वेळ असतो, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तो वेळ येतो कुठून, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. उजाडतं कसं, हे तरी कोण विचारतं.

पुढे वरून हुकूम आला की जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवायचा. ते काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं आणि कंपनीने दोघांना पाठवलं. एक केतकी वाळिंबे आणि दुसरा तिचा सहकारी हृषीकेश दाभाडे. दोघंही तरुण, हुशार आणि हसरी. केतकी तर अशी, की कुठलाही बिघडलेला प्रोग्राम तिच्यापुढे टाकला तर तासाभरात त्याची कुंडली मांडून दाखवील. ओगल्यांचं काम नव्या यंत्रावर आणायची जबाबदारी तिचीच होती.

दोघं धरणाच्या कचेरीत बसून तो प्रोग्राम वाचू लागली आणि हसून हसून त्यांच्या पोटात दुखायला लागलं. कचेरीतले लोक दारातून डोकावून बघत, की हिशेबाच्या ओळींत एवढं हसण्यासारखं काय असतं.

"हा प्रोग्राम ओगल्यांनी लिहिलेला नाही," हृषीकेश म्हणाला, "त्यांना तो झालेला आहे. गोवर होतो तसा."

प्रोग्राममधली एक ओळ मध्येच सगळं सोडून कुठल्या कुठे उडी मारत होती. ती दाखवून केतकी म्हणाली, "ही बघ, इथून रुसून माहेरी जाते, ती सासरी परत येतच नाही." जुन्या नोंदी ज्या फ्लॉप्यांवर होत्या त्या पापडाएवढ्या मोठ्या होत्या, दुपारी वीज गेली की हृषीकेश त्यातल्या एकीने वारा घेत बसे.

त्यात वाईट काही नव्हतं. प्रत्येक धंद्यात हे चालतंच. नवा गवंडी जुन्याची भिंत पाहून नाक मुरडतो आणि शिंपी तर दुसऱ्याने शिवलेला सदरा हातात घेऊन पहिल्यांदा हेच विचारतो, की हा कुणी बिघडवला. केतकीच्या मनात ओगल्यांविषयी राग नव्हता. उलट थोडी मायाच वाटू लागली होती, असं तिनेच पुढे सांगितलं म्हणे.

मग ती त्या जागी पोचली. भोंगा वाजवायचा हुकूम आणि गेट उचलायचा हुकूम, या दोहोंच्या मध्ये एक ओळ होती. ती काहीच करत नव्हती. यंत्राला नुसते आकडे मोजायला लावत होती, लपाछपीत राज्य आलेला मुलगा डोळे मिटून मोजतो तसे. कुठपर्यंत मोजायचं, तो आकडाही धड पुऱ्या शेकड्यात नव्हता. ओबडधोबड, मध्येच तुटलेला. शेजारी ओगल्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द टाकले होते: काढू नये. का काढू नये, ते लिहिलं नव्हतं.

"काढून टाक," हृषीकेश म्हणाला. "नुसती बसून मोजतेय."

ही मोजणी वेळ काढायला ठेवलेली आहे, एवढं केतकीला कळत होतं. जुनं यंत्र भोंगा वाजवून दमत असेल, गेटाच्या कामाआधी त्याला उसंत लागत असेल, असं तिने धरलं. तरी काढण्याआधी विचारावं म्हणून तिने भागोजींना बोलावलं. ते आले आणि दारातच उभे राहिले. कचेरीतले चारदोन लोक तेव्हा तिथे हसत उभे होते.

"काका, भोंग्यानंतर यंत्र जरा वेळ नुसतं बसून राहतं. ते कशासाठी, काही माहीत आहे?"

भागोजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या हसणाऱ्या लोकांकडे. "ऱ्हाऊ द्या तेवढं, म्याडम," ते म्हणाले. "ओगलेसायबांनी घातल्यालं हाय. काढू नगा."

"पण का?"

"ऱ्हाऊ द्या," एवढंच ते परत म्हणाले आणि त्यांची मान खाली गेली.

केतकीला वाटलं, श्रद्धेची बाब असेल; म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा. तिने शब्द दिला. "नाही काढणार, काका. जशी आहे तशी ठेवते. एक आकडा इकडचा तिकडे करणार नाही." आणि तो शब्द तिने पाळला. हृषीकेशने तिला पुण्याला जाईपर्यंत चिडवलं, नव्या घरात जुनी उंबरठ्याची फळी ठोकतेस म्हणून. पण ती ओळ तिने तशीच्या तशी नव्या यंत्रावर नेली. आकडासुद्धा तोच.

हौसाबाईची आणि तिची गाठ एकदाच पडली, असं सांगतात. काम संपत आलं तेव्हा केतकी सहज पात्रात उतरली होती. हौसाबाईने वाफ्यातलं कलिंगड गुडघ्यावर आपटून फोडलं आणि अर्धं तिच्या हातात दिलं. "आमच्या यजमानांस्नी नवं मिशीन जमंल का गं बाय?" तिने विचारलं. केतकीने सांगितलं, की काहीच अवघड नाही, बटण तेच आहे, दाबायचंही तसंच आहे. त्यांना काही बदलल्याचं कळणारसुद्धा नाही. हौसाबाईला फार बरं वाटलं.

चैत्रात नव्या यंत्राचं उद्घाटन झालं. भिंतीवरच्या खोलीला झेंडूची तोरणं लावली होती. खात्याचे मोठे साहेब आले, फेटे बांधले, नारळ फुटला. केतकीला चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा तिने नव्या यंत्राचं कौतुक केलं. जुन्या कॉम्प्युटरला जे काम करायला कितीतरी वेळ लागायचा, ते हा डोळ्याचं पातं लवायच्या आत करील, असं ती म्हणाली. टाळ्या पडल्या. तिने टाळ्यांकडे पाहून मान लववली.

खोलीच्या खिडकीतून पात्र स्वच्छ दिसत होतं. लांबवर काही बाया धुणं धूत होत्या. भोंगा आता कधीही होईल हे त्यांना माहीत होतं, पण भोंगा झाल्यावर उठायचं, हीच तर रीत होती. कातळावर हौसाबाई होती. नवऱ्याच्या हातून आज नवं यंत्र चालणार म्हणून तिने आसरांची ओटी भरली होती आणि आता झऱ्यावर घागर भरत होती. भागोजींना ती दिसत होती. त्यांनी खिडकीतून हात केला. तिने वर पाहून हात केला. चालू द्या, असा तो हात होता.

साहेबांनी मान हलवली आणि भागोजींनी बटण दाबलं.

भोंगा वाजला. आणि भोंग्याच्या आवाजातच गेट कुरकुरलं.

केतकी सांगायची म्हणे, की तिला पहिल्यांदा आनंद झाला. किती झटकन उचललं गेलं गेट, असं वाटलं. तो आनंद तिला जन्मभर विसरता आला नाही. लगेच तिने भागोजींचा चेहरा पाहिला. ते बटणावर परत परत बोट दाबत होते, जणू दाबलेलं परत घेता येतं. गेट थांबवायचं बटण शेजारीच होतं, ते हृषीकेशने दाबलं, पण वजनदार लोखंड आहे ते. वर जाताना थांबायला वेळ घेतं आणि खाली यायला त्याहून जास्त. फटीतून निघालेलं पाणी कुणाच्या बटणाची वाट पाहत नाही.

धुणं धुणाऱ्या बाया धडपडत, एकमेकींना ओढत काठाला लागल्या. कपडे गेले, भांडी गेली. हौसाबाई घागर कमरेवर घेऊन निघाली होती. भोंगा झाला तशी निघाली होती, रोजच्या चालीने. पाणी येताना तिने पाहिलं आणि तेव्हाही ती पळाली नाही, कारण तिला पळता येतच नव्हतं. ती मागे वळून कातळाकडे जाऊ लागली. तिथवरही पोचली नाही. खिडकीत एवढे लोक उभे होते, फेटे बांधलेले, पेढा हातात धरलेले.

केतकी यंत्राकडे धावली. तिच्या मनात एकच होतं, की आपल्या हातून ती ओळ गेली. कशी गेली, कधी गेली, कुणी काढली. तिने प्रोग्राम उघडला. ओळ तिथेच होती. तोच आकडा, शेजारी तेच शब्द, काढू नये.

"काका," ती म्हणाली, "ओळ आहे. मी काढली नाही. बघा, आहे."

भागोजी जमिनीवर बसले होते. त्यांनी मान वर केली. आवाज अगदी साधा होता, एखादी गोष्ट कळली नाही म्हणून माणूस विचारतो तसा.

"मग थांबलं का न्हाई?"

आणि त्या क्षणी केतकीला कळलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत कळलं. यंत्राने मोजलं होतं. एकही आकडा न गाळता, दिलेल्या हुकमाप्रमाणे अगदी शेवटपर्यंत मोजलं होतं. ओगल्यांचं जुनं यंत्र रखडत रखडत मोजायचं. तोच आकडा या नव्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून टाकला. तिने ओळ जपली होती आणि त्या ओळीतलं थांबणं जुन्या यंत्राच्या मंदपणात होतं. तो मंदपणा तिने भंगारात काढला होता. ही गोष्ट तिच्या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. तिलाही ठाऊक होती. मघाशी फेटा बांधून भाषणात तिने ती स्वतःच सांगितली होती.

"नवं यंत्र भराभर मोजतं, काका," ती कसंबसं म्हणाली.

"पर ती भराभर चालत न्हवती," भागोजी म्हणाले.

मग त्यांनी तिथेच जमिनीवर बसून सांगितलं, जे त्या दिवशी दारात उभं राहून सांगितलं नव्हतं. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा ओगल्यांनी गावात येऊन विचारलं होतं, की पात्रात उतरणाऱ्यांत सगळ्यात सावकाश कोण चालतं. लोकांनी हसत हसत हौसाबाईकडे बोट दाखवलं. ओगले हसले नाहीत. त्यांनी तिला भरल्या घागरीनिशी कातळावर उभं केलं. भोंगा वाजला, तशी इकडे यंत्राने मोजायला सुरुवात केली आणि तिकडे ती चालू लागली. काठावर भागोजी उभे होते. त्यांनी घागर उतरवून घेतली आणि डोक्यावरचा पटका काढून हलवला, की वर ओगल्यांनी मोजणी थांबवली. पडद्यावर जो आकडा होता तोच त्यांनी प्रोग्रामात घातला. सगळ्यात सावकाश माणूस काठाला लागलं, म्हणजे गाव काठाला लागलं, असा त्यांचा हिशेब होता.

"मला का नाही सांगितलंत?" केतकीने विचारलं.

"बायकुच्या चालन्याची गोष्ट," भागोजी म्हणाले. "तुमी सगळी हसत हुता."

हौसाबाई सापडली नाही, असं काही जण सांगतात. काही म्हणतात खालच्या बंधाऱ्याला सापडली. पाणी ओसरल्यावर लोक कातळावर गेले तेव्हा सात दगडांच्या शेजारी एक आठवा गोटा होता, एवढं मात्र सगळे सारखंच सांगतात. नदीने आणला, की पहाटे उठून कुणी ठेवला, हे शेवरकोंडात कुणी विचारत नाही. पुढच्या मंगळवारी बायांनी त्यालाही शेंदूर लावला.

चौकश्या झाल्या. यंत्रात दोष नाही, प्रोग्रामात दोष नाही, बटण दाबणाऱ्याचा दोष नाही, असं ठरलं. ते ऐकून गाव आणखीच सुन्न झालं. दोष कुणाचाच नसेल तर मग माणूस गेलं कसं. गावाने गेटाच्या खोलीला कुलूप घातलं. पण पाऊसकाळ तोंडावर आला होता आणि गेटं न उघडता धरण राखणं शक्य नव्हतं.

एके सकाळी केतकी एकटीच एसटीने आली. कंपनीने जाऊ नको म्हणून बजावलं होतं. तिला पाहून काठावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी बस म्हणालं नाही. ती सरळ भागोजींच्या दारात गेली आणि त्यांच्या पायरीवर बसली.

"काका, मला माफ करा असं म्हणायला आले नाही," ती म्हणाली. "ते म्हणायचं माझं तोंड नाही. पण ते थांबणं परत घालायला पाहिजे. पाण्याआधी. आणि किती थांबायचं, ते मला माहीत नाही."

भागोजींनाही ते सांगता येईना. हौसाबाईच्या चालण्याकडे कुणी घड्याळ लावून पाहिलं नव्हतं. आकडा होता, पण तो ज्या यंत्राने मोजला ते यंत्र तोडून विकलं गेलं होतं; त्याची चाल आता कुणाला विचारणार. आणि जिची चाल होती ती तर नव्हतीच. केतकीने पायरीवर बसून हे सगळं एकेक करून समजून घेतलं. मग ती ओंजळीत तोंड धरून रडली. आपण एक बाई मारली, एवढंच नाही, तर तिचं चालणंही जगातून पुसून टाकलं, असं ती म्हणत होती म्हणे.

शेजारची कोंडाबाई दारात येऊन उभी होती. ती हौसाबाईची मैत्रीण, जन्मभर तिच्या बरोबरीने पाण्याला गेलेली. ती म्हणाली, "पुसलं कशानं? मी हाय न्हवं. ऊठ."

बाया तिला पात्रात घेऊन गेल्या. चपला काढायला लावल्या, घागर भरून कमरेवर दिली. डावा पाय कसा ओढायचा ते कोंडाबाईने चालून दाखवलं. दुसरीने सांगितलं की वाफ्यापाशी हौसाबाई वाकून वेलाची पानं सारखी करायची, घागर कमरेवर असली तरी. तिसरीने सांगितलं की मधल्या मोठ्या धोंड्याला ती टेकायची. गावात ज्या पायाची थट्टा होत आली होती, त्या पायाचं एकेक पाऊल बायांना पाठ होतं. केतकी चालली. गोट्यांनी तळपाय सोलून निघाले. काठावर भागोजी उभे होते. एका पोराच्या हातात धरणावरचं घड्याळ होतं.

"न्हाई," भागोजी म्हणाले. "लई घाई केली. धोंड्याला टेकल्यावर ती आसरांकडं वळून बघायची. मग निघायची."

केतकी परत गेली. परत चालली. परत ते नाही म्हणाले. ऊन चढलं, बाया सावलीला बसल्या, पण कुणी घरी गेलं नाही. किती वेळा ती गेली आणि आली ते कुणी मोजलं नाही. शेवटी तिला इतका थकवा आला की पाय ओढायचं सोंग करायची गरज उरली नाही. धोंड्याला टेकली, वळून आसरांकडे पाहिलं आणि मान खाली घालून एकेक पाऊल टाकत काठाला आली. भागोजींनी हात पुढे केले आणि तिच्या कमरेवरची घागर उतरवून घेतली.

घेतली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. घागर छातीशी धरून ते काठावर बसले. इतक्या दिवसांत त्यांना रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. बाया त्यांच्याभोवती बसल्या. केतकी उभीच होती. कोंडाबाईने तिचा हात धरून तिलाही खाली बसवलं.

तोच वेळ प्रोग्रामात आहे. या खेपेला तो घड्याळाच्या भाषेत लिहिला आहे, यंत्र कितीही पळणारं आलं तरी त्याला तेवढं थांबावंच लागतं. त्या ओळीला केतकीने हौसाबाईचं नाव दिलं आणि ती कुणासाठी थांबते ते शेजारी सविस्तर लिहून ठेवलं. हसणाऱ्यांनाही वाचता येईल अशा मराठीत.

भागोजी गेले, त्याला आता काही वर्षं झाली. केतकीबाईंचे केस पिकले. मध्ये यंत्रं दोनदा बदलली. आजही प्रोग्रामात कुणी बोट घालतं, तेव्हा पहिलं पाणी सुटण्याआधी त्याला स्वतः आठव्या आसरेपाशी उभं राहावं लागतं. चपला काढून, भरली घागर घेऊन. भोंगा वाजतो, तो चालू लागतो. आजही काठावर गावातलं कुणीतरी हात पुढे करून उभं असतं, आणि त्या हातात घागर आल्याशिवाय गेट हलत नाही.